काचेचं कपाळ

सौदामिनीकाकूंच्या हातातलं तबक बघितलं आणि पंचशीला मंचावरच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

तबकात नारळ होता, उदबत्त्या होत्या, हळदी-कुंकवाची कोयरी होती आणि एका वाटीत पाणी घालून कालवलेल्या ओल्या अक्षता होत्या. एरवी तिनं त्या तबकाकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. ध्रुव क्लासेसमध्ये नवी वस्तू आली की मालक अनंतराव सरांच्या पत्नी, म्हणजे या काकू, तबक घेऊन जिना चढणार, हे खालच्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. झेरॉक्सच्या मशीनला कुंकू, बोअरच्या मोटारीला कुंकू, वॉटर कूलरला तर कुंकू आणि वरून झेंडूचा हार. लावेनात का बापड्या, कुणाचं काय जातं! पण आज मंचावरच्या टेबलावर जे उभं होतं त्याला पुढून नुसती काच होती. त्या काचेला ओलं काही चिकटलं तर काय होतं, ते अख्ख्या इमारतीत एकट्या पंचशीलाला माहीत होतं.

हॉल भरत आला होता. दहावीचा निकाल अजून लागायचा होता, पण लातुरात निकालाची वाट कोण बघतो? औसा, निलंगा, उदगीर, पार तिकडं मुखेडहून लोक पोरांना घेऊन आले होते. कूलरचा आवाज होता, वारा नव्हता. पुढच्या दोन रांगा शहरातल्या डॉक्टर-वकिलांच्या, मागं सगळे खेड्यातले, आणि सगळ्यांचे डोळे त्या टेबलाकडं.

टेबलावर होता कॉम्प्युटर, पण कॉम्प्युटरसारखा दिसत नव्हता. खालचा डबा नाही, माऊस नाही, कीबोर्ड नाही. नुसती एक रुंद काच, पायावर उभी केलेली. काचेवर बोट फिरवायचं आणि काम करून घ्यायचं. आतली सिस्टम तर अजून बाजारातही आली नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी वाटीभर भाजी चाखायला देतो ना, तशी कंपनीनं ती जगभरातल्या लोकांना आधी चाखायला सोडली होती. अनंतराव सरांचा पुतण्या मिहिर पुण्याला कॉम्प्युटरच्या धंद्यात. त्यानं मशीन आणलं, सिस्टम चढवली आणि "काका, लातूरमध्ये हे पहिल्यांदा तुम्ही दाखवताय!" असं म्हणून सरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

आणि दाखवायचं कुणी? तर लॅबच्या पंचशीला सोनकांबळे मॅडमनी.

तिनं आठवडाभर त्या काचेशी झटापट केली होती. पहिल्या दिवशी तर रडकुंडीला आली. जन्मभर ज्या कोपऱ्यात 'स्टार्ट'चं बटण बघितलं, तिथं काहीच नाही! नुसते रंगीत चौकोन, हिरवे, जांभळे, केशरी, फरशा बसवाव्यात तसे. एका फरशीवर बोट ठेवलं की ती अख्खी काच व्यापून टाकायची, आणि मग बाहेर कसं पडायचं ते कळायचं नाही. हळूहळू कळलं. उजव्या कडेवरून बोट आत ओढलं की बटणांची पट्टी येते. वरून धरून थेट खाली ओढलं की उघडलेलं बंद होतं. दोन बोटांनी चिमटा काढला की सगळ्या फरशा बारीक होतात, बोटं फाकवली की मोठ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला मजा वाटायला लागली. मागच्या सोमवारी ती मशीनपुढं बसून चिवडा खात होती. एकाएकी सगळं वेड्यासारखं उघडायला-मिटायला लागलं, तिच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी बघते तर काचेला पोह्याचा एक ओलसर कण चिकटलेला. या काचेच्या कडांना बारीक डोळे बसवलेले असतात, समोर काही आलं की ते त्याला बोट समजतात. पोहा असो, तांदूळ असो, त्यांना सगळं बोटच. कण पुसला, मशीन शहाणं झालं. त्या दिवसापासून लॅबमध्ये खाणं बंद.

एवढा जीव तोडून ती हे का करत होती? नांदेडसाठी.

जूनमध्ये सर नांदेडला शाखा काढणार होते. तिथं प्रत्येक पोरासमोर असली काच ठेवायची, असं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "हे बघा मॅडम, पालकांना पटलं तर नांदेडची शाखा डिजिटल होईल आणि तिच्या प्रमुख तुम्ही. नाही पटलं, तर तिथं फळा आणि खडू. मग तुम्ही इथंच." नांदेडला तिचं घर होतं. नवरा लिंबाजी एसटीच्या वर्कशॉपात, आणि सहा वर्षांची यशोधरा. पंचशीला लातुरात खोली करून राहायची, शनिवारच्या गाडीनं जायची, सोमवारच्या पहिल्या गाडीनं परत. मागच्या खेपेला यशूला ताप होता. पंचशीलानं तिला कुशीत घेतलं तर पोरगी रडत उठली आणि आत्याजवळ जाऊन झोपली. जया, म्हणजे तिची नणंद, ओशाळून म्हणाली, "वहिनी, लेकरू हाय, सवय लागलीय तिला." जया बिचारी करायची ते मायेनंच करायची, तिला काय बोलणार? पंचशीलानं भिंतीकडं तोंड केलं. त्या रात्री तिनं ठरवलं होतं, जूननंतर या घरापासून लांब राहायचं नाही.

आणि आता हे तबक!

ती आधी मिहिरकडं गेली. तो प्रोजेक्टरची वायर जोडत होता. काचेवर दिसेल ते सगळं मागच्या भिंतीवर मोठं दिसणार होतं.

"मिहिरदादा, काकू काचेला कुंकू लावतील. ओल्या अक्षता चिकटवतील. मशीन बिथरेल."

मिहिरनं मान वर केली. "अहो, मग सांगा ना काकूंना."

"तुम्ही सांगा की. तुमच्या काकू आहेत."

"मी? छे हो! दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी फक्त म्हणालो, फटाके कमी उडवा, तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या माझ्याशी." हसला आणि पुन्हा वायरीत घुसला. असल्या माणसांना पुण्याहून आणतात कशाला, देव जाणे!

मग ती सरांकडं गेली. सर डॉक्टर पालकांशी बोलत उभे होते. दिवाळीत हैदराबादला त्यांची बायपास झाली होती, तेव्हापासून शर्ट अंगावर ढगळ दिसायचा. तिनं हळूच सांगितलं. सरांनी अर्धवट ऐकलं आणि पाठीवर थोपटल्यासारखा हात हवेत हलवला.

"लावू द्या हो एक बोट. तिचं समाधान. तुम्हाला काय अडचण आहे कुंकवाची?"

'तुम्हाला' वर त्यांनी जोर दिला नव्हता. पण तो शब्द तिच्या कानात तसाच अडकला. हीच तर गोम होती. क्लासमध्ये तिला कधी कुणी वाकडं बोललं नव्हतं. डबा सगळ्यांच्या पंगतीत, चहा सगळ्यांच्या कपातून. पण सरांच्या घरच्या सत्यनारायणाला तिला बोलावणं असायचं ते प्रसादाच्या वेळेचं, पूजेच्या वेळेचं कधीच नाही. कुणी तोंडानं बोलत नसे, म्हणून तर ते जास्त खुपायचं. अशा बाईनं कुंकवाला 'नको' म्हटलं, की ते 'नको' कॉम्प्युटरपुरतं राहत नाही. लोक लगेच तिचं आडनाव आठवतात.

तरी ती काकूंकडं गेलीच. जाणं भागच होतं.

"काकू, एक विनंती होती. कुंकू पुढं लावण्यापेक्षा पाठीमागं लावलं तर? पाठ पण छान गुळगुळीत आहे."

सौदामिनीकाकूंनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं नवऱ्या मुलाच्या मानेला मुंडावळ्या बांधायला सांगितल्या. "पाठीला कुणी कुंकू लावतं का, पंचशीला मॅडम? कपाळ सोडून?"

"काचेला ओलं चालत नाही, काकू. म्हणून म्हटलं."

"देवाचं कुंकू आहे. त्यानं कधी कुणाचं बिघडत नाही." आवाज चढला नव्हता, पण पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी माना वळवल्या. "न लावल्यानं बिघडतं. ते मी बघितलंय."

पंचशीलानं तबकातल्या अक्षतांच्या वाटीकडं पाहिलं. काकूंनी काय बघितलं होतं, ते तिला माहीत होतं. काकूंच्या भावानं किल्लारीकडच्या गावात दगडी घर बांधलं होतं, दोन हात रुंद भिंतींचं. वास्तुशांत दिवाळीनंतर करू म्हणून राहायला गेला, आणि त्र्याण्णवच्या सप्टेंबरातली भूकंपाची ती पहाट त्या घरात आली. भाऊ, वहिनी, दोन लेकरं, कुणी निघालं नाही. पंचशीलाचं गावही त्याच पट्ट्यातलं. त्यांच्या वस्तीतली घरं कुडाची, वर पाचटाचं छप्पर. हलली, वाकली, पण माणसं जिती राहिली. शाळकरी पंचशीलानं तेव्हा गावातल्या त्या दगडांखालून लोकांना काढताना बघितलं होतं. दगडाला पूजा झालेली आणि न झालेली घरं वेगळी कळली नव्हती. पण हे काकूंना सांगायचं? एवढी का ती निष्ठुर होती? काकूंचा राग येत होता तितकीच त्यांची कीव येत होती. ती बाजूला सरकली.

पूजा झाली. काच बंद होती, काळीभोर. काकूंनी काचेच्या वरच्या बाजूला, अगदी मधोमध, अंगठ्यानं हळद ओढली, त्यावर कुंकू ठसठशीत दाबलं, आणि चिमूटभर ओल्या अक्षता त्यावर चिकटवल्या. "झालं कपाळ," म्हणाल्या. दोन दाणे घरंगळून खाली काचेच्या मध्यावर येऊन थांबले. सरांनी नारळ फोडला. टाळ्या पडल्या.

"आता मॅडम तुम्हाला उद्याचा कॉम्प्युटर दाखवतील," सर माईकवर म्हणाले. "आपली मुलं उद्या यावरच शिकणार आहेत. हात लावा आणि शिका!"

पंचशीलानं मनात बुद्धाला हात जोडले आणि बटण दाबलं.

काच उजळली. मागच्या भिंतीवर फरशा आल्या, रंगीत, मोठ्या, आणि हॉलमधून "आऽऽ" असा आवाज आला. तिला क्षणभर वाटलं, तरलो. तिनं बोट ठेवलं. ठेवलं हिरव्या फरशीवर, उघडली जांभळी. जांभळी मिटायला तिनं वरून खाली ओढलं, तर ती मिटली आणि केशरी उघडली. मग तिनं हात मागं घेतला तरी मशीन चालूच. फरशा बारीक झाल्या, मोठ्या झाल्या, पुन्हा बारीक. उजवीकडची पट्टी आत आली, बाहेर गेली, पुन्हा आली.

"आपोआप चालायलंय की हे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"मॅडमला शिकवलं न्हाई जणू!"

"अहो, मशीनला भूत लागलंय!"

 काचेच्या कपाळावरचं कुंकू आता विरघळून एक बारीक ओघळ खाली आला होता. ते दोन दाणे काचेच्या मध्यावर घट्ट बसले होते, आणि मशीनला वाटत होतं की दोन बोटं कायमची टेकलेली आहेत. मिहिर मंचाच्या खालून मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, तुम्ही एका वेळी एकच बोट लावा ना! तुम्ही चुकताय." सगळ्या हॉलनं ऐकलं. मेल्या, तुला सांगितलं होतं ना मी, असं तिच्या ओठांवर आलं आणि तिनं गिळलं.

तेवढ्यात फोटोंची फरशी उघडली. बोटांनी मोठं-लहान करून दाखवायला तिनं एक फोटो ठेवला होता, यशूचा. नांदेडच्या घरासमोर उभी, दोन वेण्या, समोरचे दोन दात पडलेले. भिंतभर यशू हसत होती. लोक हसायचे थांबले, कुणाचं लेकरू आहे म्हणून बघायला लागले. आणि त्या दोन दाण्यांनी फोटो फाकवायला सुरुवात केली. वेण्या गेल्या, हसू गेलं, कपाळ गेलं. शेवटी भिंतीवर उरला तो तिच्या लेकीचा एकच डोळा, घागरीएवढा, थरथरणारा.

सर माईक बाजूला धरून तिच्याजवळ आले. कपाळावर घाम, एक हात छातीवर. "मॅडम, हे काय चाललंय? पालक उठून चाललेत. दोन मिनिटांत जमत असेल तर बघा, नाहीतर मी आता बंदच करतो. मग नांदेडला फळाच ठेवू, काय करणार."

खरंच मागच्या दोन रांगा उठत होत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थानं नातवाचा दंड धरला होता. पुसायचं, बस. सुक्या कापडाचा एक हात. एवढं साधं काम तिच्याच्यानं होईना, कारण जे पुसायचं होतं ते कुंकू होतं. सवाष्णीनं लावलेलं, बायपास झालेल्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी लावलेलं. ते पुसणं म्हणजे काय, हे सांगायला नको. ज्या घरात असं पुसलं जातं त्या घरात बायका छाती बडवत असतात.

ती मंचावरून उतरली आणि पहिल्या रांगेत काकूंसमोर वाकली. हळू आवाजात म्हणाली, "काकू, काचेवरचं काढावं लागतंय. तुमच्या हातानं काढता का? तुम्ही काढलं तर कुणाला काही वाटणार नाही."

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "माझ्या हातानं? ह्यांच्या देखत मी कुंकू पुसू?"

"काचेवरचं, काकू. नुसतं काचेवरचं."

"कुठलंही असू द्या." त्यांचा हात मंगळसूत्राकडं गेला. "आणि तुम्हीही हात लावायचा नाही. ऐकलंत? लावायचा नाही हात."

शेवटचे शब्द मोठ्यानं निघाले. सरांच्या हातातला माईक चालूच होता. मागच्या रांगेपर्यंत ते पोचले.

पंचशीला परत मंचावर गेली. तिच्या डोक्यात तिडीक उठली होती. कुणावर राग होता, तिलाही कळेना. काकूंवर, की वायरीत डोकं घालून बसलेल्या त्या मिहिरवर, की स्वतःवर, सकाळी घसा फोडून का नाही सांगितलं म्हणून. एक मात्र लख्ख कळत होतं. पुसलं तर ती सरांच्या घराची कायमची वैरीण होणार. न पुसलं तर लेक आत्याच्या कुशीत मोठी होणार. वर भिंतीवर तो डोळा थरथरत होता.

तिनं पदर हातात घेतला आणि पुसलं.

एकदा पुसल्यावर काचेवर तांबडा-पिवळा पट्टा उमटला. हॉलमधून "अगं बाई!" असा बायकांचा आवाज आला. एकीनं डोक्यावर पदर ओढला. पंचशीलानं पदराचं कोरडं टोक घेऊन पुन्हा पुसलं, दाबून, कडेपर्यंत. तांदळाचे दाणे टपटप मंचावर पडले. काच स्वच्छ झाली. मागं वळून बघायची तिची हिंमत नव्हती, पण काकू ताठ बसल्या आहेत आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललंय, हे तिला न बघताही कळत होतं.

मग तिनं दोन बोटं काचेवर टेकवली आणि जवळ आणली. डोळा लहान झाला, कपाळ आलं, वेण्या आल्या, पडलेल्या दातांचं हसू आलं. यशू पुन्हा अख्खी उभी राहिली.

"ही माझी मुलगी," पंचशीला म्हणाली.  "आता बघा. तिला बाजूला सारते आणि विज्ञानाचा धडा उघडते."

पुढं सगळं लोण्यासारखं गेलं. फरशा सांगितल्या तिथंच उघडल्या. हृदयाचं चित्र बोटानं फिरवलं, कापलं, जोडलं. उठलेल्या रांगा परत बसल्या. कार्यक्रम संपल्यावर मंचाजवळ अशी गर्दी उसळली की मिहिरला आडवे हात करून उभं राहावं लागलं. मुखेडहून आलेला एक म्हातारा म्हणाला, "मला बी एकदा लावू द्या की बोट, काय खर्च व्हायलाय त्याला?" त्यानं एक फरशी उघडली आणि लहान पोरासारखा हसला. लोक नांदेडच्या शाखेची चौकशी करत होते. तिला आनंद व्हायला हवा होता, पण पदरावरचा तो लाल डाग सगळ्यांना दिसतोय असं वाटून ती पदर खोचत राहिली.

पहिल्या रांगेतली काकूंची खुर्ची रिकामी होती. तबकही नव्हतं.

तासाभरानं सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, पण तिच्याकडं बघितलं नाही. टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"कार्यक्रम चांगला झाला. पालक खूश आहेत."

"हो, सर."

"मिहिरनं सांगितलं मला, त्या अक्षतांमुळं झालं ते. तुम्ही आधी बोलला होतात, हेही आठवलं. म्हणजे तशी तुमची चूक नाही." पेपरवेट थांबला. "पण सौदामिनी घरी जाऊन नुसती रडतेय. मी समोर बसून सांगितलं, अगं काचेवरचं होतं, मी धडधाकट आहे. तिला पटतच नाही. म्हणते, त्या बाई लातुरात नकोत. माझ्या डोळ्यांसमोर नकोत."

 गेलं. नांदेड तर गेलंच, आता लातूरही गेलं.

"म्हणून मी असं ठरवलंय," सर म्हणाले, "तुम्ही नांदेडला जा. शाखा तुमच्याकडंच. उद्यापासून तिकडच्या तयारीला लागलात तरी चालेल."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. दोन वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं. कामाचं बक्षीस म्हणून नव्हे, डोळ्यांसमोरून दूर करायचं म्हणून. पण मिळालं होतं! यशू रोज दिसणार होती. ताप आला तर कपाळावर हात तिचा असणार होता. असल्या मिळण्यावर थुंकावं की ते पोटाशी धरावं, तिला ठरवता येईना. धरलं तिनं.

"थँक यू, सर."

"अजून एक." सरांनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर खिडकीकडं वळवली. "नांदेडच्या उद्घाटनाला सौदामिनी येणार. तिचा तो मान आहे. सगळ्या मशीनची पूजा होईल. तर त्या दिवशी, म्हणजे, तेवढा एक दिवस तुम्ही येऊ नका. दुसऱ्या दिवसापासून या. गैरसमज करून घेऊ नका."

बाहेर मिहिर कुणाला तरी फोनवर सांगत होता, डेमो एकदम हिट झाला म्हणून. पंचशीलानं हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपत होता. घर मिळालं होतं, लेक मिळाली होती, एका दिवसानं काय मोठं बिघडणार होतं? सकाळी ती अशीच गप्प बसली होती. प्रसादाच्या वेळेला जाताना दरवेळी अशीच गप्प बसली होती.

"नाही येत, सर," ती म्हणाली. "पण पूजा झाल्यावर त्या दिवशी काचा कोण पुसणार?"

सर म्हणाले, "मिहिर पुसेल."

"मिहिरदादा काकूंचं कुंकू पुसतील? सकाळी त्यांनी काकूंना तोंडानं सांगायचंसुद्धा टाळलं."

"मग कुणीतरी पुसेल. बघू तेव्हा."

"कुणीतरी म्हणजे मीच की, सर." आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. "तुमच्या घरातलं कुणी त्याला हात लावणार नाही. लोक येऊन बसतील, मशीन बिथरेल, आणि मग मला फोन करून बोलावाल. पूजेला मी नको, पुसायला मात्र मीच पाहिजे. काकूंचं दुःख मला कळतं. माझंही गाव त्याच भूकंपातलं आहे. पण हे मला जमणार नाही."

"म्हणजे तुम्हाला नांदेड नको?"

"पाहिजे. त्यासाठीच तर हे सगळं केलं." ती उठली.  "मी उद्घाटनाला येणार, सर. माझ्या लेकीला घेऊन येणार आणि पहिल्या रांगेत बसणार. काकूंनी कुंकू लावावं, हवं तेवढं लावावं. नंतर पुसायची वेळ आली की मला मंचावर बोलवा. माईकवरून, माझं पूर्ण नाव घेऊन, शाखेच्या प्रमुख म्हणून. हे चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरी नोकरी बघते."

सरांनी पेपरवेट हातात घेतला, ठेवला.  त्यांनी होकाराची मान हलवली की नुसतीच खाली घातली, ते बघायला ती थांबली नाही. जिना उतरून ती थेट स्टँडवर गेली. नांदेडची गाडी लागलेली होती, खच्चून भरलेली, आणि ती दांड्याला धरून उभी राहिली.